वाळूची पोती आणि प्रारब्ध

सालोमोन आंद्रे या स्वीडिश इंजिनिअरचा बलून चिनी रेशमाचा होता. तो पॅरिसच्या कारखान्यात शिवला गेला. थरावर थर चढवले, वरून वार्निश दिले, शिवणींवर रेशमाच्या पट्ट्या चिकटवल्या. एवढे करूनही सुईने पाडलेली सुमारे 80 लाख बारीक भोके राहिलीच, आणि त्यांतून हायड्रोजन झिरपत राहिला. भिवंडीत कापड तपासायला बसणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. लाखो यंत्रमागांच्या या गावात तागा उजेडावर धरून पाहणे हे रोजचे काम. धागा तुटका निघाला की भाव उतरतो, आणि त्याचा दोष कोणी ग्रहांवर टाकत नाही. आंद्रे मात्र 11 जुलै 1897 रोजी त्याच बलूनमधून दोन सोबत्यांसह उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. त्यांच्या मरणाला दैव म्हणायचे का, हा प्रश्न ध्रुवप्रदेशाच्या इतिहासापेक्षा धर्मशास्त्राच्या अधिक जवळचा आहे.

कारण बलून हे वाहनच विचित्र. घोड्याला लगाम, होडीला सुकाणू, आगगाडीला रूळ. बलूनला यातले काहीच नाही. वर जाणे आणि खाली येणे एवढेच माणसाच्या हातात, आडवे जाणे सगळे वाऱ्याचे. ज्यूल व्हर्नने 1863 च्या कादंबरीत तीन माणसांना झांझिबारहून बलूनमध्ये बसवून आफ्रिका ओलांडायला लावली, तेव्हा त्यालाही हवा तो वारा हव्या त्या उंचीवर सापडत जाईल असे गृहीत धरावे लागले. कादंबरीत वारा लेखकाचा असतो. बाहेर तो कोणाचा, यावर दर्शनांनी हजार-दोन हजार वर्षे वाद घातला आहे.

शांकर परंपरेत प्रारब्धासाठी एक जुना दृष्टान्त आहे: सुटलेला बाण. भात्यात उरलेले बाण म्हणजे संचित, ते ज्ञानाने जाळता येतात. हातातला, अजून न सोडलेला बाण म्हणजे क्रियमाण, तो थांबवता येतो. पण एकदा प्रत्यंचेवरून सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जाणारच. ज्ञान्यालाही तो परत बोलावता येत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली छापून आलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही रूढ त्रिविध वाटणी त्यांना पुरेशी शास्त्रशुद्ध वाटली नाही. फळ द्यायला लागलेले आणि न लागलेले, असे दोनच भाग त्यांनी मानले. क्रियमाणाचा, म्हणजे चालू क्षणाचा कप्पा काढून टाकण्याचा हा तर्क काटेकोर आहे. मात्र टिळकांच्या या वाटणीची खरी परीक्षा घ्यायची तर माणसाला बलूनमध्ये बसवावे.

बाणाला झडप नसते, हा पहिला फरक. बलूनला असते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा, आणि तो समजायला वायूच्या बलूनची रीत माहीत हवी. अशा बलूनमध्ये दोन गोष्टींचा साठा असतो: पिशवीतला वायू आणि टोपलीला टांगलेली वाळूची पोती. वर जायचे तर वाळू टाकायची, खाली यायचे तर दोरी ओढून झडपेतून वायू सोडायचा. दिवसा ऊन लागले की वायू फुगतो, बलून नको तितका चढतो, म्हणून वायू सोडावा लागतो. रात्री तो आक्रसतो, बलून खाली येऊ लागतो, म्हणून वाळू टाकावी लागते. टाकलेली वाळू परत येत नाही, सोडलेला वायूही नाही. म्हणजे योग्य निर्णय घेतला तरी पुढच्या निर्णयाची ताकद कमी होते. चुकीचा घेतला तर आणखी कमी होते, एवढाच फरक. माणसाचे स्वातंत्र्य ही गाठीला बांधलेली पुंजी, आणि ती फक्त खर्चच होऊ शकते. कर्मसिद्धान्तावरच्या भाष्यांत स्वातंत्र्य आहे की नाही यावर पुष्कळ लिहिलेले आहे. ते संपते का, या प्रश्नाला मात्र तितकी जागा मिळालेली नाही.

आंद्रेची पुंजी पहिल्या काही मिनिटांतच संपली. बलूनला दिशा देण्यासाठी त्याने जाड दोर लोंबत ठेवले होते. ते पाण्यावर, बर्फावर घासत गेले की बलूनचा वेग वाऱ्यापेक्षा कमी होईल आणि मग शिडांनी त्याला वळवता येईल, हा त्याचा दावा. स्वालबार्डमधल्या दान्स बेटावरून उडताच बलून समुद्राकडे झुकला. दोरांचे स्क्रूने जोडलेले खालचे तुकडे पीळ पडून सुटले आणि सुमारे 530 किलोचा दोर मागे राहिला. घाबरून टाकलेली वाळू सुमारे 210 किलो. इतका हलका झालेला बलून 700 मीटरवर चढला. तिथे बाहेरचा दाब कमी असल्याने भोकांतून वायू आणखी वेगाने निघू लागला. दोन दिवसांपेक्षा थोडे अधिक, त्यातला बराच वेळ बर्फावर आपटत, हे उड्डाण चालले. 14 जुलैला तिघे बर्फावर उतरले. ध्रुव अजून फार दूर होता.

पुढचा भाग एखाद्या कीर्तनकाराला सुचला असता तर श्रोत्यांनी तो अतिशयोक्ती म्हणून सोडून दिला असता. स्लेज ओढत तिघे पूर्वेकडे निघाले. पायाखालचा बर्फ समुद्रावर तरंगणारा होता आणि तो पश्चिमेकडे वाहत होता. दिवसभर चालून मोजमाप घ्यावे तर पुढे गेल्याची नोंदच होईना. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी बेत बदलून नैर्ऋत्येची वाट धरली, तर बर्फाने आपली दिशा बदलली. ऑक्टोबरमध्ये ते क्वितोया नावाच्या ओसाड बेटाला लागले आणि तिथे मेले. मृत्यूचे नेमके कारण अजून वादात आहे. ऑगस्ट 1930 मध्ये ‘ब्रातवाग’ या नॉर्वेजियन जहाजावरच्या लोकांना त्यांचे अवशेष, रोजनिशा आणि कॅमेऱ्यातल्या फिल्म सापडल्या. तेहेतीस वर्षे बर्फात राहिलेल्या त्या निगेटिव्हमधून उजेडात आलेली छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

इथे दैववादी थांबतो आणि हात जोडतो. पण हिशेब एक वर्ष मागे न्यावा लागतो. 1896 साली हीच मोहीम निघाली होती. दक्षिणेचा वारा न मिळाल्याने ती परत फिरली. तेव्हा आंद्रेसोबत नील्स एकहोल्म हा अनुभवी हवामानशास्त्रज्ञ होता. त्याने बलूनची उचल-शक्ती रोज किती घटते हे मोजले आणि ध्रुवापर्यंत काय, त्याच्या आसपासही हा बलून टिकणार नाही, असे आंद्रेला सांगितले. परतीच्या प्रवासात त्याला आणखी एक गोष्ट कळली: आंद्रेने गुपचूप जादा हायड्रोजन भरवून गळती झाकली होती. एकहोल्म मोहिमेतून बाहेर पडला. त्याच्या जागी क्नुट फ्रेंकेल हा तरुण इंजिनिअर आला. तिसरा, नील्स स्ट्रिंडबर्ग, उड्डाणाच्या वेळी 24 वर्षांचा होता आणि त्याचा वाङ्निश्चय झालेला होता. एकहोल्म पुढे स्वीडनच्या हवामान संस्थेचा प्रमुख झाला आणि 1923 मध्ये वारला. आपले सोबती कुठे मेले हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

आंद्रेने असे का केले? मोहिमेला आल्फ्रेड नोबेलने पैसे दिले होते, राजा दुसऱ्या ऑस्करने दिले होते, वर्तमानपत्रांनी त्याला आधीच वीर ठरवले होते. अशा वेळी कापड गळते आहे हे कबूल करणे अवघड असते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. क्रम पाहण्यासारखा आहे. दैव यादीत आहे, पण शेवटी आहे; आधीच्या चारांचा झाडा दिल्याशिवाय त्याच्यावर येता येत नाही. आंद्रेच्या बाबतीत साधन गळके होते, कर्त्याला ते ठाऊक होते, आणि त्याने ते लपवले. वाऱ्याची आणि वाहत्या बर्फाची पाळी यानंतरची. लोक ज्याला दैव म्हणतात त्याचा मोठा भाग दोर कापण्याआधी जमिनीवर, पूर्ण शुद्धीत घेतलेल्या निर्णयांचा असतो, हे या एका प्रकरणात तरी कागदोपत्री सिद्ध करता येते.

भिवंडीत हा वाद एकट्या हिंदू शास्त्राच्या भाषेत चालत नाही. इथल्या मागांवर अन्सारी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत. तकदीर आणि प्रारब्ध एकाच गल्लीत राहतात. हदीस-संग्रहातली एक गोष्ट त्यांच्यापैकी अनेकांना लहानपणापासून माहीत असते. एक माणूस पैगंबरांना विचारतो, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, की बांधून ठेवू? आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर त्याला मिळते. योगवासिष्ठ तर याहून कडक. मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात ते असे, की दैव नावाची वेगळी वस्तूच नाही. आपलाच पूर्वीचा पुरुषार्थ दैवाचे सोंग घेऊन समोर येतो. ‘पूर्वीचा’ हा शब्द त्यांच्या दृष्टीने मागच्या जन्मापर्यंत जातो. बलूनवाल्याला इतके लांब जायची गरज नाही. त्याचा पूर्वजन्म सकाळी दोर कापला तेव्हा संपलेला असतो.

तरी या वसिष्ठी उत्तरालाही एक भगदाड आहे, आणि ते उंचीवर दिसते.

15 एप्रिल 1875 रोजी ‘झेनिथ’ हा बलून पॅरिसहून उडाला. आत तिघे: गास्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. विरळ हवेचा धोका त्यांना ठाऊक होता, म्हणून ऑक्सिजन सोबत घेतला होता. प्रश्न तो केव्हा घ्यायचा एवढाच होता. आठ हजार मीटरच्या आसपास हात जड झाले. तिसांदिएने नंतर लिहून ठेवले, की भीती नव्हती. उलट आतून आनंद वाटत होता. ऑक्सिजन घ्यावा असे त्याच्या मनात आले, पण हात उठला नाही, आणि तो बेशुद्ध पडला. मध्ये एकदा शुद्धीवर येऊन पाहतो तर क्रोसे-स्पिनेली उत्साहाने वाळू आणि सामान बाहेर फेकत होता. त्यामुळे खाली येऊ लागलेला बलून पुन्हा चढला. जमिनीला लागला तेव्हा दोघे मेलेले होते आणि जगलेल्या तिसांदिएला ऐकू येणे कायमचे बिघडले होते.

या घटनेपुढे ‘कर्ता’ या शब्दाचे काय करायचे? वाळू फेकणारा हात क्रोसे-स्पिनेलीचाच होता, इच्छाही त्याचीच, आणि त्या क्षणी तो स्वतःला पूर्ण मोकळा समजत असणार. पण ती इच्छा प्राणवायू न मिळालेल्या मेंदूची होती. स्पिनोझाने 1674 च्या एका पत्रात कल्पना केली होती: फेकलेल्या दगडाला मध्येच जाणीव आली, तर आपण स्वतःच्या इच्छेने उडत आहोत असेच त्याला वाटेल. त्यानंतर दोनशे वर्षांनी हा प्रयोग नकळत माणसांवर झाला. याउलट 5 सप्टेंबर 1862 ला इंग्लंडमध्ये एका बलून-उड्डाणात हेन्री कॉक्सवेलचे हात थंडीने निकामी झाले, शेजारी जेम्स ग्लेशर बेशुद्ध पडलेला, तेव्हा त्याने झडपेची दोरी दातांत धरून ओढली आणि दोघे वाचले. एकाच उंचीच्या मुलखात एकाचा कर्ता नाहीसा होतो, दुसऱ्याचा दातांत उरतो. याला पुरुषार्थ म्हणावे की शरीराची ठेवण, हे कोणतेही दर्शन ठामपणे सांगू शकेल असे वाटत नाही. सांगितलेच तर ते जमिनीवर बसून सांगेल.

आपल्याकडेही बलून उडवण्याची विद्या जुनी आहे. 1889 साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजाने मुंबईत आणि मग कलकत्त्यात बलूनचे खेळ केले. कलकत्त्याच्या एका उड्डाणात वारा त्याला सुंदरबनाकडे घेऊन गेला आणि काही दिवस त्याचा पत्ताच लागला नाही. तो मेला अशीच समजूत झाली होती. तरीही त्याच वर्षी रामचंद्र चटर्जी त्याच्याबरोबर उडाला, आणि पुढे एकटाही.

भिवंडीच्या सर्वात जवळून गेलेली मोठी गोष्ट मात्र 26 नोव्हेंबर 2005 ची. विजयपत सिंघानिया, वय 67, पहाटे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उष्ण हवेच्या बलूनमधून निघाले आणि 21,027 मीटर उंचीवर पोचले. 1988 मध्ये पेर लिंडस्ट्रांडने केलेला 19,811 मीटरचा विक्रम त्यांनी मोडला. ते उतरले नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाजवळ. नकाशावर महालक्ष्मीपासून तिथवर पट्टी ठेवली तर रेघ कल्याण-भिवंडीच्या दक्षिणेकडून निघून शहापूर आणि मुरबाडच्या मधून सह्याद्री चढते आणि भंडारदऱ्याच्या आसपास घाटमाथा ओलांडते. बलून काही पट्टीने जात नाही, पण मुलूख साधारण हाच: जंगल, धरणांची पाणी, तुटलेले कडे. कमी उंचीवरून हा भाग ओलांडायचा म्हणजे कड्यांमागे उलटणाऱ्या वाऱ्यांत सापडायचे.

या उड्डाणात माणसाचे स्वातंत्र्य कुठे होते ते शाळेतल्या भूगोलानेही सांगता येते. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. त्यांच्या हाती लागलेला बलून अरबी समुद्रात. मात्र बऱ्याच उंचीवर त्याच दिवसांत वारे पश्चिमेकडून पूर्वेला जातात. एकाच आकाशात एकावर एक रचलेले दोन उलटे प्रवाह. वाऱ्याला वळवता येत नाही, पण कोणत्या वाऱ्यात किती वेळ राहायचे हे ठरवता येते, आणि ते ठरवण्याचे मुख्य काम महिना, पहाट आणि जागा निवडताना आटोपते. सिंघानिया दाब राखलेल्या बंद कुपीत बसले होते. ‘झेनिथ’च्या तिघांचा कर्ता जिथे विरून गेला, त्याच्या दुपटीहून वर यांचा शाबूत राहिला, कारण तो आधीच धातूच्या भिंतीआड ठेवलेला होता. ही सगळी ‘उंट आधी बांध’ या वर्गातली कामे.

भिवंडी तालुक्यात आज कोणी बलून उडवायचे म्हटले तर धोका तुंगारेश्वरच्या किंवा तानसाच्या जंगलाचा कमी आणि तारांचा अधिक. तालुक्यातल्या पडघ्याला विजेचे मोठे केंद्र आहे. चंद्रपूरहून 752 किलोमीटर धावत आलेली 500 किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी तिथे संपते आणि तिथून उच्चदाबाच्या तारा चहूकडे जातात. जुन्या संशोधकांच्या नकाशात अस्वले आणि नरभक्षक असत. आजच्या बलूनवाल्याच्या नकाशात मनोरे असतात. न्यूझीलंडमधल्या कार्टरटनला 7 जानेवारी 2012 रोजी बलून तारांना लागून 11 जण गेले. तार दिसल्यावर चटकन खाली यायचे हा नियम. चालकाने वर चढून तार ओलांडायचा प्रयत्न केला. त्याच्या शरीरात गांजाचा अंश सापडला. टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ 30 जुलै 2016 ला 16 जण गेले. तिथला चालक धुके दिसत असताना उडाला होता, आणि त्याचे आजार व औषधे पाहता त्याने उडायलाच नको होते.

इथे प्रारब्धाची सगळी गणिते अडखळतात. चालकाचे कर्म चालकाने भोगले हे समजण्यासारखे आहे. पण टोपलीतल्या इतरांनी काय केले होते? त्यांच्या हातात ना झडप, ना वाळू, ना बर्नर. त्यांनी तिकीट काढले, तेवढाच त्यांचा पुरुषार्थ. फ्रेंकेलने तर दुसऱ्याने विचारपूर्वक सोडलेली जागा घेतली, आणि ती का सुटली याची पूर्ण हकिगत त्याच्या वयाच्या माणसाला किती महत्त्वाची वाटली असेल, सांगणे कठीण. त्यांचेही पूर्वकर्म असणार, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येतो; पुष्कळदा मिटवलाही जातो, अपघातानंतर आणि दंगलीनंतर, कारखान्याला लागलेल्या आगीनंतरही. त्या उत्तराने चालकाची जबाबदारी मात्र आयती हलकी होते, म्हणून ते उत्तर देणारा कोण आहे हे आधी पाहावे. मृतांच्या घरचे ते आपल्या समाधानासाठी म्हणत असतील तर तो त्यांचा हक्क. तिकीट विकणाऱ्याला तो नाही.

बलूनमध्ये माणूसच नसेल तर? टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादचे केंद्र कित्येक दशके तसे बलून सोडत आले आहे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी, आत हायड्रोजन, खाली उपकरणे. जानेवारी 2001 मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथूनच 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणवले. पृथ्वीवरचे जीवन बाहेरून आले असेल का, हे त्यांना पाहायचे होते. सूक्ष्म पेशी मिळाल्या. त्या वरून आल्या की खालून गेल्या, यावर मतभेद आहेत. काम आटोपले की उपकरणे मोठ्या रंगीत पॅराशूटने खाली येतात, वारा नेईल तिथे, अनेकदा महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतात किंवा माळरानावर. म्हणून उड्डाणांआधी संस्था जिल्ह्यांची नावे देऊन जाहीर निवेदन काढते: असे काही सापडले तर उघडू नका, हलवू नका, आत उच्च दाबाची वीज असू शकते, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवा. कळवणाऱ्याला योग्य बक्षीस मिळेल आणि फोनचा वाजवी खर्चही. छेडछाड केलेली आढळली तर बक्षीस नाही.